उंबऱ्यापुढचा माणूस

"मग आत जायचं कसं?"

बुवांनी एवढंच विचारलं होतं. गोष्ट इथून सुरू होते. पण आधी माझी तक्रार ऐकून घ्या.

मला हे लिहायचं नव्हतं. वाचनालयाच्या पाटणकरबाई मागे लागल्या. म्हणे, भिवाकाका, बुवांची ती गोष्ट तुमच्याच हातची पाहिजे. मी म्हटलं, बाई, माझं शिक्षण तिसरी, तेही मास्तर दयाळू म्हणून. त्या म्हणाल्या, चालेल. त्यांना सगळंच चालतं. कोरे कागद आणून दिले, पेन दिलं, आणि रोज संध्याकाळी दारात उभ्या. झालं का, काका? झालं का, काका? माणसानं मरावं तरी कधी.

तरी लिहितो, त्याला कारण वेगळं आहे. ही गोष्ट दर रविवारी आमच्याच दारात उभा राहून दुसरा एक माणूस सांगतो. छान सांगतो. ऐकणारे टाळ्या वाजवतात. पण त्याच्या गोष्टीत बादली नाही. आणि बादली नाही म्हणजे मीही नाही.

त्या माणसाकडून माझी माफी यायची आहे. त्याचं नाव आत्ता सांगत नाही. शेवटी येईल, आडनावासकट. तोवर त्याला साहेब म्हणू.

आमचं उपनगर म्हणजे पागा. शहराच्या नदीपलीकडे. पूर्वी कुणा सरदाराचे घोडे इथं बांधायचे, म्हणून पागा. पूल ओलांडलात की डाव्या हाताला कमानी दिसतात, त्याच. पुढं पाणीघर, त्याच्यापुढं दिवाणांचा बंगला, आणि वळून परत आलं की आमचा गोसाव्यांचा मठ. एक चहा पिऊन निघालात तर दुसऱ्या चहाची तलफ यायच्या आत फिरून होतं. चढ नाही, उतार नाही.

मठात भवानगिरीबुवा होते. आता नाहीत. मी त्यांच्याकडं झाडलोट, पाणी, चूल बघायचो. आधी पुलापलीकडं हमाली केली, पाठ गेली, मग मठात आलो.

बुवांची एक खोड होती. ते कुणाला नावानं हाक मारायचे नाहीत. कलेक्टर आला तरी "बाबा", भिकारी आला तरी "बाबा". नाव घेतलंच तर आडनावासकट घ्यायचे, आणि मग समजायचं की काहीतरी करायचं राहिलंय. मला दोनदा "भिवा खिलारे" म्हणाले. दोन्ही वेळा चूल विझवायची राहिली होती.

आणि उंबऱ्यापुढं तो दगड. मंडपात शिरताना पाय पडतो तिथंच, जमिनीत बसवलेला. त्याच्यावर एक माणूस कोरलाय, पालथा पडलेला, हात डोक्याच्या वर जोडलेले. दीड हात लांबीचा असेल. नाक गेलंय, बोटं गेलीत, पाठ तर तुपासारखी गुळगुळीत. आत जाणारा प्रत्येक जण त्याच्या पाठीवर पाय देऊन जातो. का, ते मी कधी विचारलं नाही. कमरेपाशी पडलेल्या खळग्यात पाऊल बरोबर बसतं, एवढं मला माहीत.

साहेब दर गुरुवारी यायचे, बुवांच्या पायावर डोकं ठेवायचे आणि निघून जायचे. स्वतःला बुवांचे शिष्य म्हणवायचे. बुवा तसं काही म्हणाले नव्हते. मग साहेबांनी हेरिटेज वॉक काढला. म्हणजे जुन्या इमारती दाखवत लोकांना हिंडवायचं. पागेच्या कमानीवर पाटी लागली, 'सोपी फेरी, सर्व वयोगटांसाठी'. रविवारी उद्घाटन होतं.

ही गोष्ट आदल्या दिवशीची.

सकाळी मी विहिरीवरून बादली भरून आणली आणि रोजच्यासारखा आत जायला त्या दगडावर पाय ठेवला.

"ओ आजोबा! पाय काढा आधी."

वळून पाहिलं. साहेब. मागं त्यांची कॉलेजातली मंडळी, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या.

"पाय आहेत की खूर? कशावर उभे आहात, कळतंय का?"

"दगडावर," मी म्हटलं.

टोप्या हसल्या. कुणाला हसल्या ते मला कळलं.

"हा दगड नाही, शिल्प आहे. तुमच्यासारख्या अडाणी माणसांनी तुडवून तुडवून त्याचं नाक घालवलं."

मी पाय काढला. माझ्या हातात बादली होती. नसती, तर मला हे लिहायची वेळ आली नसती, पोलिसांनीच लिहून घेतलं असतं.

मग त्यांनी दगडाभोवती चार खुंट्या ठोकल्या. घोट्याच्या जरा वर लाल दोरी बांधली. पुढं पाटी उभी केली. 'कृपया पाय ठेवू नये.'

मी बाहेर, बादली हातात, दार उघडं, आणि आत जायला जागा नाही.

तेवढ्यात बुवा नदीवरून आंघोळ करून आले. पंचा ओला. दोरी पाहिली. पाटी वाचली. मला पाहिलं. बादली पाहिली.

"मग आत जायचं कसं?"

"बाजूच्या दारानं, महाराज," साहेब म्हणाले.

"ते गाईचं."

"मग जरा मोठं पाऊल टाकायचं. दोरीपलीकडं. तुम्हाला जमेल."

बुवा बाहेरच्या ओट्यावर बसले आणि पंचा पिळायला लागले.

साहेब त्यांच्या पायाशी बसले. "ही अडचण आजच्यापुरतीच. दुपारी माणसं येतायत. पहारीनं अलगद उचलू. पागेत काचेची पेटी करून घेतलीय, वरून दिवा सोडलाय. उद्या पाहुणे पहिल्यांदा तीच बघतील. फक्त तुमचा होकार हवा. मठाची वस्तू आहे, तुमच्या शब्दाशिवाय हलवणार नाही."

"काचेत."

"हो."

"पाऊस लागायचा नाही."

"थेंब नाही."

"पाय?"

"पायाचा प्रश्नच नाही, महाराज."

"...मग त्यानं तिथं करायचं काय?"

साहेब हसले. "शिल्पानं काय करायचं असतं? लोक बघतील."

बुवांनी पंचा झटकला. थोडं पाणी साहेबांच्या चष्म्यावर उडालं.

"आधी तुझी वाट दाखव मला, बाबा. उद्या लोकांना दाखवणार तशी. मग सांगतो."

साहेबांना आनंद झाला. टोप्यांना त्यांनी पाट्या पुसायला धाडलं आणि स्वतः उठले.

बुवा मला म्हणाले, "चल, बाबा."

"बादलीचं काय करू? आत नेता येत नाही. बाहेर ठेवली तर कुत्रं तोंड घालेल."

"मग घे बरोबर."

घेतली. सबंध फेरी मी बादली घेऊन केलेली आहे. साहेबांच्या गोष्टीत हे नाही.

पहिल्यांदा पागा. साहेब कमानीखाली उभे राहिले, घसा खाकरला आणि सुरू झाले. चुना कसला, विटा कसल्या, कुठल्या लढाईला इथून घोडे गेले. आवाज चांगला होता, ते खोटं सांगणार नाही. आता त्या कमानीत दुकानं आहेत. एका कमानीत पिठाची गिरणी, एका कमानीत रजया शिवणारी शालनबाई. शालनबाई पायमशीन थांबवून ऐकत होती.

बुवांनी विचारलं, "घोडे तोंड कुठं करून उभे राहायचे?"

"म्हणजे?"

"भिंतीकडं की रस्त्याकडं?"

साहेब थांबले. "त्याची नोंद नाही."

"तुला काय वाटतं?"

"नोंद नसताना कसं सांगू?"

बुवा शालनबाईच्या दुकानात शिरले. आधी भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मग वळून रस्त्याकडं. मग परत भिंतीकडं. शालनबाई माझ्याकडं बघून म्हणाली, "बुवांना बरं आहे ना?"

"आज आहे," मी म्हटलं.

"भिंतीकडं तोंड केलं तर वारा पाठीला लागतो," बुवा आतून म्हणाले. "रस्त्याकडं केलं तर जाणारे-येणारे दिसतात. घोड्याला काय आवडत असेल?"

"मला विचाराल तर रस्ता," शालनबाई म्हणाली. "मी मशीन तसंच लावलंय. पण साहेब म्हणतात उद्या मशीन आत सरकवा, फोटोत येतं."

साहेब म्हणाले, "एका दिवसापुरतं, बाई."

"भिवा, तुला माहीत आहे का रे?" शालनबाईनं विचारलं. मलाही माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. बुवा त्यावर खूश झाले. लहान मुलाला पेरू मिळाला की होतं तसं तोंड झालं त्यांचं.

"म्हणजे अजून उरलंय काहीतरी," ते म्हणाले.

साहेबांना ते आवडलं नसावं. त्यांनी घाईघाईनं फरशीकडं बोट केलं. "हे बघा, महाराज. हे खास." फरशीला ओळीनं खळगे होते. "घोड्यांच्या टापांनी दगड झिजलाय. पिढ्यान्‌पिढ्या. हे बघायला लांबून लोक येतात. मी नगरपालिकेशी भांडून इथं सिमेंट ओतू दिलं नाही."

बुवा वाकले. खळग्यात हात फिरवला.

"सुंदर आहे."

"आहे ना? हाच खरा इतिहास."

"खुरांनी झिजला तर इतिहास."

"हो."

"आणि पायांनी?"

...

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी बादली या हातातून त्या हातात घेतली.

"चला," साहेब म्हणाले, "उन्हं वाढतायत."

पाणीघर म्हणजे चौकोनी दगडी खोली आणि तिच्या डोक्यावर उंच मनोरा. पूर्वी डोंगरातून खापराच्या नळानं पाणी यायचं, त्यातली हवा बाहेर पडावी म्हणून तो मनोरा. मागच्या बाजूनं त्याला माणसाच्या तोंडाच्या उंचीवर एक भोक आहे. साहेबांनी सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "अर्थात आता कोरडं आहे. माझ्या आजोबांच्या आधीपासून कोरडं."

बुवांनी भोकाला कान लावला.

"काय येतंय, महाराज?"

"तूच ऐक."

साहेबांनी इकडं तिकडं पाहिलं, टोप्या नाहीत ना याची खात्री केली आणि कान लावला. बराच वेळ लावला.

"शिट्टी ऐकू येतेय," ते म्हणाले.

"कुकरची," मी म्हटलं. "मागं जोशीबाईंचं घर आहे. डाळ लावली असेल."

बुवा इतके हसले की त्यांना भिंतीला हात लावावा लागला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "थोडं पाणी दे."

मी बादलीत ठेवलेला तांब्या भरून दिला. त्यांनी तो भोकातून आत रिकामा केला आणि ओठावर बोट ठेवलं.

आम्ही तिघं उभे. खाली कुठंतरी, बऱ्याच वेळानं, आवाज आला. पाणी पाण्यावर पडल्यासारखा.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं. त्या एका घटकेला आमचं भांडण नव्हतं, हे कबूल करतो.

"चिखल असेल," साहेब हळूच म्हणाले.

"असेल."

"...की पाणी असेल?"

"असेल."

"मग मी उद्या लोकांना काय सांगू?"

बुवांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि पुढं चालायला लागले. साहेब मात्र मागं राहिले. एकदा आणखी कान लावून आले. धावत यावं लागलं त्यांना.

दिवाणांच्या बंगल्याला आता दिवाण नाहीत, भाडेकरू आहेत. पुढच्या बाजूला हलीमाबी राहते. दाराच्या चौकटीवर लाकडात कोरलेले पोपट आणि द्राक्षं, आणि पोपटांच्या खाली दोरीवर हलीमाबीच्या घरचे कपडे वाळत असतात.

आम्हाला बघून ती बाहेर आली. साहेबांना म्हणाली, "आज परत? उद्या कपडे वाळत घालू नका म्हणालात. मग घरादारानं ओलेच घालून बसायचं का?"

"फक्त सकाळपुरतं, हलीमाबी."

"पोपटांना काय कपड्यांची लाज वाटते?"

साहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि पोपटांबद्दल सांगायला लागले. लाकूड कुठलं, कारागीर कुठले. बुवा कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "आतून कसं दिसतं?"

"आत जात नाही आपण, महाराज. फेरी बाहेरूनच आहे."

"तू गेलायस?"

"त्यांनी कधी बोलावलं नाही."

"दार कधी वाजवलंत?" हलीमाबी म्हणाली. "रस्त्यात उभं राहून वर बघता आणि जाता. मला वाटलं, मान धरलीय तुमची."

बुवांनी उघड्या दारावर टकटक केलं. ती म्हणाली, "या की, बुवा." ते गेले. मी चौकटीशी थांबलो, बादली होती. साहेब रस्त्यात उभे.

बुवा आतून वर बघत बघत फिरले, भिंतीकडं पाहिलं, हलीमाबीशी काहीतरी बोलले, ती हसली. परत आले.

साहेबांना राहवलं नाही. "काय होतं आत?"

बंगल्याबद्दल त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं. तोवर सांगतच होते.

"पोपटांची सावली," बुवा म्हणाले. "भिंतीवर पडते. पोर झोपलंय तिथं, त्याच्या अंगावरून हळूहळू सरकतेय."

साहेबांनी एक पाऊल दाराकडं टाकलं. मग बूट बघितले आणि थांबले.

"उद्या," हलीमाबी म्हणाली. "आधी कपड्यांचं बोला."

परतताना बादली निम्मी झाली होती. थोडं पाणी रस्त्यात हिंदकळलं, थोडं हलीमाबीच्या तुळशीला गेलं. दर्ग्यासमोर फुलं विकणाऱ्या एका बाईकडं रिकामी कुंडी पडून होती, ती तिनं हलीमाबीला दिली आणि हलीमाबीनं तीत तुळस लावली. हे मी उगाच सांगतोय. पण मलाच विचारलंय म्हटल्यावर मी सांगणार.

मठाशी आलो तर पहारी घेऊन दोघं जण ओट्यावर विड्या ओढत बसलेले. आम्हाला बघून विड्या विझवल्या. एक म्हणाला, "साहेब, घालायचा का कामाला हात?"

"थांबा जरा," साहेब म्हणाले. मग बुवांकडं वळले. "महाराज, फेरी झाली. तुम्ही सांगतो म्हणाला होतात."

"झाली कुठं? तुझ्या पाटीवर मठ आहे ना शेवटी?"

"आहे."

"मग तो दाखव. उद्यासारखा."

साहेब दोरीपुढं उभे राहिले. आवाज लावला. "आणि हा आपल्या फेरीचा शेवटचा टप्पा. गोसाव्यांचा मठ. दारापुढच्या शिलेवर जो माणूस दिसतो, त्यानं हा मंडप बांधला. त्याचं नाव टिकलेलं नाही. स्वतःसाठी त्यानं समाधी मागितली नाही, छत्री मागितली नाही. त्याची एकच इच्छा होती. आपल्याला उंबऱ्याबाहेर असं ठेवावं, की दर्शनाला येणाऱ्या लहानथोर प्रत्येकाचा पाय आपल्या..."

तिथं ते थांबले.

पाटी त्यांच्या गुडघ्याशी होती. 'कृपया पाय ठेवू नये.'

...

पहारवाला म्हणाला, "मंग?"



बुवा म्हणाले, "छान सांगतोस. आता आत जा, बाबा. देवाला सांगून ये, दगड नेतोय म्हणून."

साहेबांनी दोरीकडं पाहिलं. बाजूच्या दाराकडं पाहिलं, तिथं गाय बांधली होती. मग त्यांनी पँट जरा वर ओढली, मोठं पाऊल टाकलं आणि अख्ख्या दगडावरून पलीकडं गेले. उंबऱ्यावर तोल सावरून उभे राहिले.

"परत ये," बुवा म्हणाले.

"काय झालं, महाराज?"

"ओलांडलंस त्याला."

साहेबांचा चेहरा उतरला. तुम्हालाही ठाऊक असेल. घरात पोर जमिनीवर निजलेलं असतं, दुसरं पोर त्याच्यावरून उडी मारतं, आणि चुलीपासून आई ओरडते, ओलांडलंस त्याला, वाढ खुंटेल त्याची, उलटा ये परत. पडलेल्या माणसाला पाय लागला तर चालतो. ओलांडायचं नसतं. साहेबांच्या आईनंही त्यांना असंच परत बोलावलं असणार, कारण ते वाद न घालता आले. गेले तसेच, उलट्या पावलानं, मागं न बघता, दगडावरून परत. पोर येतं तसे.

आता ते बाहेर. बुवा ओट्यावर. मी बादली घेऊन साहेबांच्या हाताच्या अंतरावर.

"आता?" साहेबांनी विचारलं.

"आता आत जा."

"कसा?"

"मी सकाळी तेच विचारलं होतं."

...

 गाईनं शेपटी हलवली. पहारवाल्यानं दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं, दुसरा म्हणाला, "गप."

साहेब खाली बसले. बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटात घातले. त्यांचे पाय पांढरेफटक होते, बरेच दिवस जमीन न बघितलेले. एक खुंटी त्यांनी स्वतः उपटली. दोरी ढिली झाली, खाली पडली. मग उभे राहिले आणि उजवा पाय त्या माणसाच्या कमरेवर ठेवला. त्या खळग्यात.

मग डावा.

आणि तिथंच उभे राहिले. आत गेले नाहीत, बाहेर आले नाहीत.

"काय, बाबा?" बुवांनी विचारलं.

"ऊबदार आहे," साहेब म्हणाले. आवाज फेरीतला नव्हता. "आणि... पाऊल बसतं."

"हं."

"हे इतक्या लोकांनी... मला वाटत होतं, हे नुकसान आहे. पुढं वीस-पंचवीस वर्षांत काही शिल्लक राहणार नाही याचं. पाठ गेली, की हा गेलाच."

"मग?"

"मग... त्याला तेच हवं होतं?"



पहारवाला उठला. "साहेब, तुम्ही उतरा बरं खाली. उचलून टाकू झटक्यात. आम्हाला अजून एक काम आहे."

"नको," साहेब म्हणाले.

"काय नको?"

"उचलायचा नाही. तुम्ही जा. मी बोलतो तुमच्या मुकादमाशी."

"आन् काचेची पेटी?"

साहेबांनी पायाखाली पाहिलं, मग रस्त्यापलीकडं पागेकडं. "राहू दे रिकामी."

पहारी खांद्यावर टाकून ते दोघे गेले. साहेबांनी पाटी उचलली, दुसरीकडं तोंड करून भिंतीला टेकवली. बाकीच्या खुंट्या काढल्या. लाल दोरी गुंडाळून खिशात ठेवली. सगळं नीट केलं, मी नाही म्हणत नाही. आणि उद्घाटनाला शालनबाईचं मशीन बाहेर होतं, हलीमाबीचे कपडे दोरीवर होते, तेही खरं आहे.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या वेळी काय झालं, तेवढं सांगतो आणि हात धुतो.

साहेब दगडावरून खाली उतरले. वाकले. त्या माणसाच्या झिजलेल्या पाठीला उजव्या हातानं शिवले आणि हात कपाळाला लावला. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "चुकलं माझं. माफ करा."

दगडाला म्हणाले.

मी तिथंच होतो. सकाळी होतो त्याच जागी, तीच बादली हातात, आता निम्मी. त्यांची कोपरं माझ्या धोतराला लागत होती. माझ्या पायांकडं त्यांनी पाहिलं असेल, कारण ते वाकलेले होते आणि माझे पाय समोर होते. वर पाहिलं नाही.

मग ते उठले, बुवांकडं वळले आणि शाबासकीसाठी थांबतात तसे थांबले.

बुवांनी आधी त्यांच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग बादलीकडं.

म्हणाले,

"दगड रागावला नव्हता, मकरंद टिळेकर."